प्रवरेच्या काठचा परदेश

नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी नाव मराठीत आणायचे तर ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असे होईल. नाव सरळ आहे. उत्खनक वरून खाली जातो, म्हणजे जवळच्या काळाकडून दूरच्या काळाकडे जातो. मुखपृष्ठावर चार नावे आहेत. पहिले ह. धी. सांकलिया यांचे, दुसरे शां. भा. देव यांचे, तिसरे अन्सारी यांचे. चौथे नाव सोफी एऱ्हार्ट यांचे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावावरच्या ग्रंथावर हे जर्मन नाव कसे आले, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. त्याचा पाठपुरावा करताना मी दुसऱ्याच एका, मोठ्या प्रश्नापाशी येऊन पोहोचलो.

तो प्रश्न असा, की डेक्कन कॉलेजने परदेशात काय खणले?

युरोप-अमेरिकेतील संशोधन संस्थांचा इतिहास लिहायचा झाला तर निम्मी पाने परदेशांतील उत्खननांनीच भरतात. ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांनी मिळून १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षे इराकमध्ये ऊर खणले. इराणमध्ये सुसा येथे फ्रेंचांचा तळ पिढ्यान्‌पिढ्या होता. ज्याच्या हाती पैसा आणि राज्य, त्याने दुसऱ्याच्या जमिनीत खड्डा घ्यायचा, सापडेल त्यातला वाटा मायदेशी न्यायचा आणि संग्रहालयाचे दालन सजवायचे, असा तो रिवाज होता. भारताने स्वातंत्र्यानंतर या वाटेवर एक पाऊल टाकले, तेही वेगळ्या कारणाने. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नुबियात भारतीय पुरातत्त्व खात्याचे पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये खणायला गेले होते. पण ते सरकारी खाते. पुण्यातल्या येरवड्याच्या दगडी इमारतीतून चालणाऱ्या, अनुदानाच्या चार पैशांवर जगणाऱ्या संस्थेला परदेशात तळ ठोकून वर्षानुवर्षे खणणे परवडणारे नव्हते. तशी तिची परंपराही नाही.

तरीही डेक्कन कॉलेजचा परदेशाशी संबंध पाहायचा असेल तर पासपोर्ट लागत नाही. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात जावे लागते. रतनगडाच्या कुशीत उगम पावून टोक्याजवळ गोदावरीला मिळेपर्यंत प्रवरा हा जिल्हा सोडत नाही. तिच्या काठावरचे जोर्वे संगमनेर तालुक्यातले, दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यातले आणि नेवासे नेवासे तालुक्यातले. या तीन गावांची नावे जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहेत. माझे म्हणणे असे, की या संस्थेची परदेशातील कामगिरी प्रवरेच्या काठी सुरू झाली, आणि परदेशाने आपल्याला कसे पाहिले याचा हिशेबही इथेच मांडता येतो.

आधी संस्थेविषयी थोडे. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाईच्या अस्तानंतर, १८२१ मध्ये, पुण्यात सुरू केलेली संस्कृत पाठशाळा हे तिचे मूळ. पुढे ती पूना कॉलेज झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याची इमारत उभी राहिली आणि १८६८ पासून तिथे डेक्कन कॉलेज भरू लागले. टिळक-आगरकर इथलेच विद्यार्थी. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर १९३९ च्या ऑगस्टमध्ये संस्था पुन्हा उघडली, पण आता पदवीच्या वर्गांऐवजी संशोधनासाठी. त्या पहिल्या तुकडीत भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे आणि पुरातत्त्वाला तिशीतले सांकलिया होते.

सांकलिया मूळ मुंबईचे गुजराती. लंडनला त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय गुजरातचे पुरातत्त्व. पण लंडनच्या मुक्कामात त्यांनी आणखी एक गोष्ट शिकून घेतली. डॉर्सेटमध्ये मेडन कॅसल नावाचा प्राचीन मातीचा किल्ला मॉर्टिमर व्हीलर तेव्हा खणत होते. तिथे सांकलियांनी प्रत्यक्ष काम केले. चौकोन आखायचे, मध्ये मातीचे बांध सोडायचे, प्रत्येक थर वेगळा ओळखायचा, आणि कुठलीही वस्तू ती ज्या थरात मिळाली त्याच्याशिवाय वाचायची नाही, ही व्हीलरची शिस्त. व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले आणि तीच शिस्त त्यांनी इथल्या तरुणांना लावली. सांकलियांनी ती आधीच घरी आणलेली होती. म्हणजे परदेशातील उत्खनन या संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा येते ते शिकण्यासाठी. इंग्लंडच्या मातीत शिकलेला हात प्रवरेच्या मातीत चालू लागला.

प्रवरेची माती मात्र इंग्लंडच्या मातीसारखी नव्हती. आपल्याकडे शेतकऱ्याला दोन जमिनी ठाऊक असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीवर माणूस राहतो. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, चुलीची माती साचून गावठाणाची जमीन पांढुरकी होते. जुन्या वस्तीचे टेकाड ओळखायला पुरातत्त्वज्ञाला दुसरी खूण लागत नाही. गावात जाऊन ‘पांढर कुठे आहे?’ एवढे विचारले की कोणीही म्हातारा बोट दाखवतो. धाब्याच्या घरांना हीच माती लागे, शेतातही ती खत म्हणून टाकतात. त्यामुळे पांढरी गाडीगाडीने उपसली जाते आणि उपसताना खापरे वर येतात. जगाच्या पुस्तकात गेलेल्या कित्येक स्थळांचे पहिले उत्खनक अशा रीतीने बैलगाडीवाले होते, आणि त्यांनी थर पाहिले नाहीत यात त्यांचा दोष नाही.

जोर्व्याचे उत्खनन १९५०-५१ मधले, नाशिकच्या उत्खननाला जोडून सांकलिया आणि देव यांनी केलेले. काम लहान होते. पण तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आणि लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने रेघा काढलेली, खणखणीत वाजणारी, चाकावर केलेली भांडी मिळाली. कंगोरे असलेले वाडगे, फाकलेल्या तोंडाचे घडे, तोटीची भांडी. अशा भांड्यांना पुढे ‘जोर्वे भांडी’ आणि ती वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या जीवनाला ‘जोर्वे संस्कृती’ म्हणू लागले. इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते १००० या काळातल्या या संस्कृतीची दोनशेहून अधिक ठिकाणे महाराष्ट्रात पुढे नोंदली गेली. एका छोट्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांना मिळाले.

नेवाशाला काम सुरू झाले १९५४ मध्ये, डेक्कन कॉलेज आणि पुणे विद्यापीठ यांचे मिळून. नेवासे म्हटले की मराठी माणसाला पैसाचा खांब आठवतो, मोहिनीराजाचे देऊळ आठवते. सांकलियांना हवे होते ते लाडमोड नावाचे टेकाड. त्याच्या वरच्या थरांत बहमनी-निजामशाही ते मराठेशाहीपर्यंतची वस्ती. त्याखाली एकदम मोठी फट. मग सातवाहन काळ, आणि त्या थरांत अँफोरांचे तुकडे. भूमध्य समुद्राच्या काठी दारू आणि तेल भरून पाठवायचे हे दोन कानांचे, टोकदार बुडाचे लांबोडे रांजण. ते जहाजाने पश्चिम किनाऱ्याच्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून प्रवरेपर्यंत यायचे. हा थर उत्खनकांनी ‘भारत-रोमन’ म्हणून वेगळा नोंदवला. इसवी सनाच्या आगेमागे नेवाशाच्या कोणा सधन माणसाच्या घरी भूमध्य समुद्राकाठचे मद्य होते, असे म्हणायला हरकत नाही. ते त्याला आवडले की नाही, ते थर सांगत नाहीत.

त्याच्याही खाली ताम्रपाषाणयुगाचे घर. कुडाच्या भिंती, मातीने लिंपलेल्या जमिनी, आणि त्या जमिनीखाली पुरलेली मुले. दोन घडे तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत लहान मूल, शेजारी एखादे तोटीचे भांडे. नेवाशाला अशी शंभरावर दफने मिळाली. घरातच, पायाखाली. मूल गेले तरी त्याला उंबऱ्याबाहेर काढवत नसावे, असे वाटते. पण हे माझे वाटणे आहे, पुरावा फक्त घड्यांचा आहे. यांतल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आत ओवलेला धागा टिकून राहिला. तो तंत्रज्ञ ए. एन. गुलाटी यांनी तपासला, तेव्हा त्यात कापसाबरोबर रेशीम निघाले. हडप्पा आणि चन्हुदडोच्या अलंकारांत याहून जुने रेशीम ओळखले गेले २००९ मध्ये. तोवर भारतातल्या सर्वांत जुन्या रेशमाची गोष्ट निघाली की नेवाशाच्या त्या मुलाच्या गळ्यातला धागा आठवला जाई. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या घरात हा धागा कसा आला, हा प्रश्न चटकन ‘चीनमधून’ असे म्हणून मिटवता येत नाही, कारण रानातल्या कोशांपासूनही रेशीम निघते आणि ती झाडे-किडे आपल्याकडे आहेत.

‘बाहेरून आले का?’ हा प्रश्न त्या पिढीचा पाठलाग करीत होता. सांकलियांनी नर्मदाकाठच्या नवडाटोलीची तोटीची भांडी इराणमधल्या भांड्यांशी ताडून पाहिली आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. जोर्व्याच्या आणि नेवाशाच्या तोट्याही मग त्याच नजरेने पाहिल्या जाऊ लागल्या. पश्चिम आशियातून लोकांचे लोंढे आले, त्यांनी ही भांडी आणली, कदाचित ते आर्यच असतील, अशी मांडणी झाली. त्या काळात जगभर असेच विचार केले जात. कुठेही काही नवे दिसले की ते कोणीतरी चालत घेऊन आले असे समजायचे. पुढच्या पिढीने, विशेषतः इनामगावचे उत्खनन केलेल्या म. के. ढवळीकरांनी, माळव्याच्या भांड्यांतून जोर्व्याची भांडी हळूहळू घडत गेलेली दाखवली. तोटी लावण्याची कल्पना दोन कुंभारांना दोन देशांत वेगवेगळी सुचू शकते. मला ढवळीकरांचे म्हणणे पटते. पण सांकलियांच्या तुलनेचा एक उपयोग झाला, तो नाकारता येत नाही: प्रवरेच्या खापरांकडे तेहरान आणि लंडनमधल्या माणसांनी मान वळवून पाहिले.

काळ ठरवायलाही परदेशच कामाला आला. कार्बन-१४ पद्धत तेव्हा नवी होती आणि भारतात तिची प्रयोगशाळा उभी राहायची होती. नेवाशाच्या ताम्रपाषाण थरातला कोळसा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेला. ज्या विद्यापीठाने ऊर खणून तिथले सोने फिलाडेल्फियाला नेले होते, त्याच विद्यापीठाकडे नेवाशाहून कोळसा गेला आणि इसवी सनापूर्वीचे दुसरे सहस्रक असा काळ घेऊन परत आला. व्यवहार म्हणून मला हा दुसरा अधिक बरोबरीचा वाटतो.

दायमाबाद डेक्कन कॉलेजने खणले नाही, पण त्याला वगळून या नदीविषयी बोलता येणार नाही. १९५८ मध्ये स्थळ लक्षात आले. म. न. देशपांडे, मग एस. आर. राव आणि १९७५-७६ पासून १९७९ पर्यंत एस. ए. साळी, अशी भारतीय पुरातत्त्व खात्याची तीन उत्खनने तिथे झाली. साळींचा जाडजूड अहवाल १९८६ मध्ये आला. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे असे पाच थर एकावर एक. त्यातल्या उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा मिळाल्या. म्हणजे सिंधूची भाषा लिहिणारी खूण प्रवरेपर्यंत पोहोचली होती. आणि १९७४ मध्ये, उत्खननात नव्हे तर एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाची मुळे खणताना, ते चार जगप्रसिद्ध ब्राँझ मिळाले: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. थरात न मिळाल्यामुळे त्यांचा काळ वादात आहे. धातूत आर्सेनिकचे प्रमाण जास्त असल्याने काही तज्ज्ञ त्यांना ताम्रपाषाणयुगात बसवायला तयार नाहीत. व्हीलरची शिस्त किती मोलाची, हे दायमाबादच्या रथाने जेवढे पटते तेवढे कुठल्याही पाठ्यपुस्तकाने पटत नाही. सगळ्यांत सुंदर वस्तू आहे आणि ती कुठल्या थरातली हे सांगता येत नाही. रथ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, बाकीचे तीन प्राणी मुंबईला.

आता त्या चौथ्या नावाकडे वळतो. सोफी एऱ्हार्ट या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या मानवशास्त्रज्ञ. नेवाशाच्या माणसांची हाडे मोजून त्यांचा अहवाल लिहिणे हे त्यांचे काम. गुजरातमधल्या लांघणजच्या सांगाड्यांवरही त्यांनी लिहिले. कवटीची लांबी, रुंदी, नाकाचा निर्देशांक, जबड्याचे माप. अहवालाची ती पाने आकड्यांनी भरलेली आहेत.

पण हाच हात त्याआधी कुठे चालला होता? १९३८ पासून एऱ्हार्ट बर्लिनमध्ये रोबर्ट रिटर यांच्या ‘वंशस्वास्थ्य’ संशोधन केंद्रात काम करीत होत्या. जर्मनीतल्या सिंती आणि रोमा लोकांची मोजमापे, वंशावळी, कोण किती ‘शुद्ध’ आणि कोण किती ‘मिश्र’ याचे दाखले, हे त्या केंद्राचे काम. त्या दाखल्यांचा उपयोग पुढे लोकांना छावण्यांत पाठवण्यासाठी झाला. युद्ध संपले, एऱ्हार्ट विद्यापीठात राहिल्या, आणि त्या कागदांचा मोठा गठ्ठाही ट्युबिंगेनलाच राहिला. १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठिय्या मांडला आणि ते कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे न्यायला लावले.

रोमा लोकांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली आहे; त्यांचे पूर्वज एके काळी भारतातून निघाले हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवले आहे. म्हणजे या बाईंनी भारतातून गेलेल्यांच्या जिवंत वंशजांना आधी मोजले आणि नंतर भारतातच राहिलेल्यांच्या हाडांना मोजले. पुण्याला हे तेव्हा ठाऊक होते, असे मी म्हणत नाही. युद्धोत्तर जर्मनीने स्वतःच त्यावर पांघरूण घातले होते आणि विद्यापीठाची प्राध्यापिका म्हटल्यावर पुण्याहून कोण चौकशी करणार? नेवाशाच्या सांगाड्यांची मापे चुकीची आहेत असेही नाही. माप हे माप असते. प्रश्न मापाने काय सिद्ध करायचे याचा आहे.

याचे उत्तर शोधायला येरवड्याच्या बाहेर जावे लागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच इमारतीत इरावती कर्वे बसत. त्याही बर्लिनला शिकलेल्या, १९२८ नंतरची दोन-अडीच वर्षे, युजेन फिशर यांच्या हाताखाली. फिशर म्हणजे वंशशास्त्राचे तेव्हाचे सर्वांत वजनदार नाव. कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतील असमानता युरोपीय माणसाच्या श्रेष्ठत्वाची खूण आहे का, हे त्यांना तपासून हवे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि असमानतेचा काही संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, परक्या देशात, विशीतल्या मराठी बाईने. १९४४ मध्ये त्याच सांकलियांबरोबर लांघणजच्या कामात होत्या. त्यांच्याविषयीही भाबडेपणा नको: पुढे महाराष्ट्रातल्या जातिजमातींची डोकी-नाके त्यांनीही भरपूर मोजली आणि ती सवय बर्लिनचीच होती. पण आकडा काय बोलतो ते ऐकायचे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, एवढे त्या तिथून घेऊन आल्या होत्या. एकाच विषयाच्या दोन जर्मन शाळा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात शेजारीशेजारी आहेत.

नेवाशाची मुले त्यानंतरही अभ्यासकांना बोलावत राहिली. अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांचे नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या बालकांच्या सांगाड्यांवरचे पुस्तक २०११ मध्ये आले. त्यात नाकाच्या निर्देशांकाला महत्त्व नाही. हाडे वयाच्या मानाने किती वाढली होती, वाढ कुठे अडली, पोटाला मिळत होते का, हवामान बदलले तेव्हा शेतकऱ्यांच्या घरात काय झाले, असे प्रश्न त्यात आहेत. घडे तेच, हाडे तीच. पन्नास वर्षांत ‘ही कोणत्या वंशाची?’ या प्रश्नाच्या जागी ‘ही उपाशी होती का?’ हा प्रश्न आला. दुष्काळी नगर जिल्ह्याला हा दुसरा प्रश्न अधिक ओळखीचा वाटावा.

ट्युबिंगेनहून नेवाशाला आणखी एक बाई आल्या, आणि त्यांची कथा अगदी वेगळी आहे. सांकलियांना नेवाशाच्या नदीपात्रात १९५४ पासून मोठे घबाड मिळत होते. तळाच्या घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी, आणि त्यावरच्या थरात गारगोटीसारख्या चमकदार दगडांच्या छिलक्यांपासून केलेल्या लहान तासण्या. पुराश्मयुगाच्या आद्य आणि अंतिम अवस्थांमधली मधली पायरी भारतात आहे, हे या तासण्यांमुळे नीट कळले, आणि काही काळ अशा हत्यारांना जगात ‘नेवासियन’ म्हणत. नदीच्या या थरांचा अभ्यास करायला गुडरून कॉर्विनस आल्या. शिक्षणाने जीवाश्मतज्ज्ञ. नेवाशाजवळच्या चिरकी ओढ्याकाठी त्यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. नदीने वाहून आणलेल्या नव्हे, माणूस जिथे बसून दगड फोडत होता तिथल्याच हातकुऱ्हाडी आणि फरश्या त्यांना हव्या होत्या, आणि चिरकीला त्या मिळाल्या. त्यासाठी प्रवरेचे सगळे खोरे त्यांनी पायी घातले. दोन भागांतला त्यांचा अहवाल १९८१ आणि १९८३ मध्ये ट्युबिंगेनला छापला गेला.

चिरकीनंतर त्या आफ्रिकेत गेल्या. इथिओपियात अफार प्रदेशात हदर येथे ज्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने १९७४ मध्ये ‘ल्युसी’चा सांगाडा शोधला, त्या मोहिमेत कॉर्विनस होत्या. तिथे शेजारच्या गोना भागात त्यांना दगडी हत्यारे दिसली आणि त्याविषयी त्यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. गोनाची हत्यारे पुढे पंचवीस लाख वर्षांहून जुनी ठरली. त्या वेळी जगात त्याहून जुनी ठाऊक नव्हती. ओढ्याच्या कापलेल्या काठात एक दगड नैसर्गिक आहे की माणसाने फोडलेला, हे ओळखायचे डोळे मुळात नेवाशाच्या गोट्यांवर तयार झालेले. इथिओपियाच्या मोहिमेच्या इतिहासात नगर जिल्ह्याचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हरकत नसावी.

नंतरची कितीतरी वर्षे त्यांनी नेपाळला दिली. हिमालयाच्या पायथ्याच्या दांग-देवखुरी खोऱ्यांत हिंडून नेपाळात पुराश्मयुगाचा माणूस होता, गदरीला हातकुऱ्हाडी होत्या, हे त्यांनी सिद्ध केले. राहणे मात्र पुण्यात. तिथेच जानेवारी २००६ मध्ये त्यांचा खून झाला. नेपाळवरचे त्यांचे दोन खंड २००७ मध्ये, त्यांच्या मागे आले.

नेपाळात त्यांच्याही आधी नेवाशाचा एक माणूस जाऊन आला होता. शां. भा. देव. १९६४ मध्ये त्यांनी नेपाळच्या तराईत पुरातत्त्वीय शोधकाम केले आणि त्याचा अहवाल काठमांडूच्या पुरातत्त्व विभागाने १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. तराई म्हणजे बुद्धाचा मुलूख. कपिलवस्तू नेपाळमधले तिलौराकोट की भारतातले पिप्रहवा, हा वाद दोन देशांच्या अभिमानाशी जोडलेला. अशा जागी परक्या देशाच्या पाहुण्याने खड्डा घ्यायचा म्हणजे मातीइतकेच माणसांनाही सांभाळायचे असते. देवांनी तिथे जे केले ते परदेशातील उत्खननच होते. फक्त त्यातला वाटा पुण्याला आला नाही, अहवाल यजमानांच्या नावाने यजमानांच्या गावी निघाला. डेक्कन कॉलेजच्या परदेशी कामाचे एकच उदाहरण द्यायचे झाले तर मी हे देईन.

नेवाशाचा अहवाल इंग्रजीत, चिरकीचा इंग्रजीत आणि तोही जर्मनीत छापलेला, दायमाबादचा इंग्रजीत. ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ मराठीत आहे म्हणून निदान सर्वसाधारण वाचकाला जोर्वे संस्कृती कळते. मूळ अहवालांपैकी एकाचाही मराठी संक्षेप करून तो संगमनेर, श्रीरामपूर, नेवाशाच्या शाळांत ठेवायला किती खर्च येईल? नेवाशाला मी गेलो तेव्हा पैसाच्या खांबापाशी दर्शनाची रांग होती. लाडमोड कुठे, असे रांगेतल्या एका तरुण शिक्षकाला विचारले. त्याला टेकाड ठाऊक होते, पांढरीची माती तिथून गावात येते हेही ठाऊक होते. तिथे मिळालेल्या मुलाच्या गळ्यातली माळ त्याने ऐकलेली नव्हती. मी सांगितली, तर त्याने पहिला प्रश्न विचारला: “ती आता कुठे बघायला मिळेल?”

मी त्याला येरवड्याचा पत्ता दिला. शाळेची सहल शनिवारवाड्याला जाते, तिथून डेक्कन कॉलेजचे संग्रहालय लांब नाही. नेवाशाची खापरे आणि दफनाचे घडे तिथे मांडलेले आहेत.